कारणाचा रकाना

मोडी लिपी लिहिताना आधी रेघ ओढतात. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ शिरोरेषा, आणि मग तिच्याखाली अक्षरं, दोरीवर धुणं वाळत घालावं तशी, एकाला एक लागून. शब्द संपला म्हणून मध्ये जागा सुटत नाही, वाक्य संपलं म्हणून खूण नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कुणी पाळत नाही. लिहिणाऱ्याचा हात त्यामुळे झरझर चालतो आणि सगळा भार येतो वाचणाऱ्यावर. 'दोनशेते' असं लिहिलेलं असतं. ती दोन शेते, की दोनशे ते अमुक? मागची-पुढची ओळ बघायची, त्याच हाताने दुसरीकडे 'दोनशे' कसं काढलंय ते बघायचं, आणि मग शब्द कुठे तोडायचा ते ठरवायचं. हे ठरवणं हेच माझं काम. सहकारी बँकेतली नोकरी करता करता सदाशिव पेठेतल्या एका वर्गात मोडी शिकले, नंतर नोकरी सोडली, आणि गेली सोळा वर्षं लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, इनामाचे कागद वाचून देवनागरीत उतरवून देते आहे.

आणि गेली अडीच वर्षं हे काम करणारी बाई चौथ्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कर्करोगाची रुग्ण आहे. दोन्ही वाक्यं एकामागून एक लिहिली, कारण माझ्या दिवसात ती तशीच येतात.

आजाराचं थोडक्यात सांगते. २०२२ च्या गणपतीत खोकला सुरू झाला. जायचं नाव घेईना. एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि क्षयाची औषधं चालू केली. आपल्याकडे क्षय इतका आहे की असा खोकला आणि असा एक्स-रे दिसला की मन आधी तिकडेच जातं. लघवी नारिंगी व्हायची, अन्न बघवत नसे, आणि खोकला होता तिथेच होता. साडेतीन महिन्यांनी छातीत पाणी झालं म्हणून दुसरीकडे दाखवलं. पाणी काढलं, तपासायला पाठवलं, आणि त्यात जे सापडलं ते क्षयाचं नव्हतं. मी आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. धूम्रपान न करणाऱ्या आशियातल्या बायकांमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल बऱ्याचदा सापडतो आणि तो असला तर त्यावर नेमकी गोळी मिळते, हे मला तेव्हा कळलं. माझ्यात तो बदल निघाला. रोज एक गोळी. ती रोग घालवत नाही, धरून ठेवते. किती दिवस, हे ज्याचं त्याचं. ते साडेतीन महिने गेले याचं दुःख मी बरेच दिवस उराशी धरून होते. अजूनही कधी कधी रात्री ते येऊन बसतं.

गोळी सुरू झाल्यावर मी काम बंद केलं. सगळ्यांनीच सांगितलं, आता आराम कर. हे म्हणाले, मुलगी नाशिकहून येऊन म्हणाली, शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या. मलाही ते पटलं. कपाटात कागदांच्या फायली होत्या, त्यांच्यावर जुनी चादर टाकली. आणि तीन महिने मी फक्त आजारी होते. सकाळी उठून जीभ बघायची, वजन बघायचं, नखं बघायची. कुणी भेटायला आलं की तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. येणारी माणसं प्रेमाची होती, पण माझ्याकडे बघताना त्यांचा आवाज खाली यायचा. माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

मग एका दुपारी फोन आला. जुन्नरकडचे एक शेतकरी. त्यांच्या पणजोबांच्या नावचं वाटणीपत्र माझ्याकडे होतं, आजारपणाआधी निम्मं उतरवलेलं. त्यांना माझं काहीच माहीत नव्हतं. "म्याडम, झालं का आमचं? तारीख लागलीय तहसीलला. तुम्ही म्हणला हुता दिवाळीपत्तुर देते, आता शिमगाबी उलटला की." आवाज चढलेला होता. कित्येक दिवसांत माझ्यावर कुणी असं चिडलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलंच माझं. आठ दिवसांत देते." फोन ठेवला, चादर काढली. पाचव्या ओळीच्या मधोमध काम थांबलेलं होतं, 'पूर्वेस ओढा' इथपर्यंत. पश्चिमेस काय, ते राहिलं होतं.

पश्चिमेला आंब्याचं झाड निघालं. मग दक्षिणेची हद्द, मग विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या, मग साक्षीदार. चहा करायचा राहिला. घड्याळात पाहिलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि चार तासांत मला एकदाही आठवलं नव्हतं की मी आजारी आहे. विसरायला झालं एवढंच म्हटलं तर ते टीव्ही बघूनही झालं असतं. इथे आणखी काहीतरी होतं. दीडशे वर्षांपूर्वी दोन भाऊ भांडले, त्यांनी पंचांसमोर बसून कोणाच्या वाट्याला कुठलं झाड ते ठरवलं, आणि त्या ठरवण्याचा आज कुणाला तरी उपयोग होता. तो उपयोग माझ्या हातातून जाणार होता. मी औषध घेणारी बाई होते तशीच त्या साखळीतली एक कडीही होते, आणि कडी आजारी आहे की धडधाकट, याची साखळीला काही पडलेली नव्हती. याचं मला केवढं बरं वाटलं!

कर्करोगाने गेलेल्या माणसाबद्दल वर्तमानपत्रात ठरलेली ओळ येते: 'कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली.' तेवढ्या एका शब्दाने त्या माणसाला शेवटच्या परीक्षेत नापास करून टाकतात. मी झुंजत नाही. सकाळी गोळी घेते, चार तास कागद वाचते, दमले की पडते. हे असं जगण्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, निभावणं. तो शब्द दुबळा वाटत असेल तर दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा.

पुढे मला परिहार सेवेच्या, म्हणजे रोगाचा त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर भेटल्या. नाव ऐकूनच आमच्या घरात रडारड झाली होती, कारण सगळ्यांना वाटलं आता शेवट आला. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसभरात काय करायला आवडतं?" मी मोडी म्हटल्यावर त्यांनी त्याभोवती सगळं बसवलं. कुठली गोळी किती वाजता घेतली म्हणजे सकाळचे चार तास डोकं स्वच्छ राहील, खोकल्याचं औषध कधी, वामकुक्षी कधी. या गोळीने नखांच्या कडा सुजतात, पिकतात, आणि बोटांची टोकं चिरतात. जुना कागद बोटांनी धरायचा असतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा खोकल्यापेक्षा मोठा प्रश्न होता. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. रात्री मलम लावून सुती हातमोजे घालायला लावले. बोस्टनमधला २०१० चा एक अभ्यासही त्यांनीच सांगितला. माझ्यासारख्याच पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत पहिल्यापासून ही परिहार सेवा. दुसऱ्या गटातली माणसं जास्त सुखात राहिली, आणि जगलीही जास्त: मध्यक, म्हणजे निम्मी माणसं ज्याच्या पुढे जगली तो आकडा, ८.९ महिन्यांऐवजी ११.६. अभ्यास या गोळ्या सर्रास मिळू लागण्याच्या आधीचा आहे. पण मी बँकेत आयुष्य काढलंय, आकडा बघितल्याशिवाय मला करमत नाही. दोन महिने आणि वर काही दिवस. तेवढ्यात माझी एक अख्खी फाईल होते.

या काळात थेऊरला जाऊन आले. चिंतामणी आमचं काही कुलदैवत नाही, पण मोडी वाचणाऱ्या माणसाला थेऊर वेगळ्या कारणाने ओळखीचं असतं. थोरले माधवराव पेशवे तिथे देवळाच्या आवारात वारले, १८ नोव्हेंबर १७७२ ला. वय सत्तावीस. राजयक्ष्मा. जो रोग मला नसताना मी त्याची औषधं साडेतीन महिने खाल्ली, तोच. १७७० मध्ये म्हैसूरच्या हैदर अलीवरच्या मोहिमेतून त्यांना आजारामुळे मागे फिरावं लागलं आणि फौज त्रिंबकराव पेठ्यांच्या हाती द्यावी लागली. पण कारभार मागे फिरला नाही. जानेवारी १७७२ मध्ये मराठी फौजांच्या आधाराने बादशहा शाहआलम दिल्लीत परत आला, तेव्हा पुण्यातला धनी खंगत चालला होता. ते गेले त्या वर्षीच्या कागदावर 'सलास सबैन मया व अलफ' असा सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांत अरबी आकड्यांनी लिहायचं ते वर्ष, दिसला की माझा हात क्षणभर थांबतो. तीन, सत्तर, शंभर आणि हजार, अकराशे त्र्याहत्तर. तेच वर्ष.

मरणाच्या सुमारे दीड महिना आधी त्यांनी नऊ कलमांचा एक कागद करून ठेवला. पूर्वी तो मी इतिहास म्हणून वाचला होता. थेऊरला सभामंडपातल्या लाकडी खांबाला टेकून बसले असताना तो मला निराळाच दिसला. त्यात माझं कर्ज फेडा, असं आहे. काशी-प्रयाग सोडवून घ्यावं ही वडिलांची इच्छा होती, ती राहिली आहे, असं आहे. मी काय काय केलं, असं त्यात कुठे नाही. राहिलेल्या गोष्टींची ती यादी आहे. आणि त्या यादीचं पुढे काय झालं? वर्ष पुरं व्हायच्या आत, ३० ऑगस्ट १७७३ ला, धाकट्या भावाला, नारायणरावाला, शनिवारवाड्यात गारद्यांनी मारलं. काशी-प्रयाग मराठ्यांकडे कधीच आलं नाही. म्हणजे मागे ठेवलेलं काम पुरं होईलच याची हमी पेशव्यालाही नव्हती. तरी त्याने ते नीट कलमवार, पुढच्याला वाचता येईल असं लिहून ठेवलं. मी तिथे बराच वेळ बसून होते. बाहेर ह्यांनी दोनदा हाक मारली.

त्यानंतर माझी काम करायची पद्धत बदलली. हे सांगायला मला थोडं जड जातं, पण सांगते. आधीच्या वर्षांत एखादा शब्द लागला नाही, की जो सर्वांत बरा वाटेल तो मी ठासून लिहायचे. गिऱ्हाईकाला शंका नको असते. तहसीलदारासमोर प्रश्नचिन्ह घेऊन कोण जाणार? आणि माझ्या मनात असायचं, पुढे कधी तरी निवांत परत बघू. आता तो 'कधी तरी' माझ्याकडे नाही. म्हणून आता न लागलेला शब्द मी न लागलेला म्हणून लिहिते. चौकटी कंसात प्रश्नचिन्ह, आणि खाली टीप: इथे कसर लागली आहे, पहिलं अक्षर 'म' असावं, शेवटी वेलांटी दिसते, याच हातातला असाच शब्द पान अमुकवर आहे. एकदा एक वकील फोनवर म्हणाले, "ताई, हे असं अर्धवट चालत नाही, खात्रीचं द्या." मी म्हटलं, "जेवढी खात्री आहे तेवढीच दिलीय. माझ्यानंतर जो बघेल त्याला कुठे बघायचं ते त्यात आहे." माझ्यानंतर हा शब्द त्यांना साधा वाटला असेल. मलाही म्हणताना साधाच वाटला.

२०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि ज्या लिपीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं तिच्यासाठी तालुक्या-तालुक्यांत धावपळ सुरू झाली. मोडी वाचणारे मोजके. माझ्या रविवारच्या वर्गात सात मुलं होती, ती चाळीस झाली. घरी पानांचे फोटो येऊ लागले, बहुतेक कोतवाल बुकातले. गाव नमुना चौदा, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. लोकांना त्यातला जातीचा रकाना हवा असतो. मी तो वाचून द्यायचे. पण डोळा शेजारी जायचाच. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, आणि मग मरणाचं कारण. ताप. पटकी. देवी. हगवण. म्हातारपण. बाळंतपणात. विहिरीत पडून. एकेका शब्दात माणूस संपलेला.

मुलगी म्हणाली, "आई, तू सोडून दुसरं कुणी वाचेल गं हे. तू नको वाचूस." ती चुकत नव्हती. पण मला त्या रकान्याची भीती वाटली नाही. उलट इतक्या माणसांच्या ओळीत आपलंही नाव कधी तरी लागणार आहे, हे पाहून एक प्रकारची सोबत वाटायची.

एका गावचं १९१८ चं बुक मात्र मनात घर करून बसलंय. त्या वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ जूनमध्ये मुंबईत उतरली आणि पावसाळा सरल्यावर जी दुसरी लाट आली ती खेड्यापाड्यांत शिरली. मानमोडी म्हणत तिला. ऑक्टोबरच्या पानांवर नोंदी दाटत जातात. लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख आहे, किंचित उजवीकडे कललेलं. सुरुवातीला तो प्रत्येकापुढे 'ताप' लिहितो. मग वेळ पुरेनासा झाला असावा, पहिल्या ओळीत 'ताप' आणि खाली 'सदर', 'सदर', 'सदर'. पुढच्या पानावर मधूनच अक्षर बदलतं. दुसराच हात, जाड, अडखळता, मोडीची सवय नसलेला. चार पानं तो हात आहे. मी ती चार पानं श्वास धरून वाचली. प्रत्येक ओळीत वाटायचं, आता त्या पहिल्या माणसाचं नाव येणार, कारणाच्या रकान्यात 'सदर'. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, आलं असतं तरी कळलं नसतं. तरी मी शोधत होते.

पाचव्या पानावर तो परत आला. तेच कललेलं अक्षर, पण थरथरलेलं, रेघ वर-खाली झालेली. बोरू धरवत नसताना लिहिलेलं. आणि परत आल्यावर त्याने 'सदर' लिहिणं सोडून दिलं. त्या पानावर एकवीस माणसं आहेत आणि एकवीस वेळा पूर्ण 'ताप' लिहिलंय. का, ते मला सांगता येणार नाही. मी त्या रात्री ह्यांना उठवून ते पान दाखवलं. ह्यांना मोडी येत नाही. मी बोट ठेवून दाखवत गेले, हा बघा, हा बघा, आणि हे चष्मा न लावताच मान हलवत राहिले.

गेल्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये यकृतावर नवा ठिपका दिसला. गोळीने धरून ठेवलं होतं ते आता सुटतंय. पुढे किमोथेरपी, तीन आठवड्यांनी एकदा. किमोच्या आठवड्यात वाचन जमणार नाही, पुढच्या दोन आठवड्यांत जमेल तेवढं. वर्गाचं मी सांगून टाकलंय. दोघी मुली माझ्याजागी शिकवायला लागल्यात, त्यातली एक माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, हेही तिला सांगून टाकलं. अपुऱ्या फायलींवर कुठे थांबले ते लिहिलंय. हे करताना रडू आलं. पुष्कळ आलं. मला आणखी वाचायचं होतं. दप्तरखान्यात अजून न उघडलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, इतके आहेत की शंभर जणांच्या शंभर जन्मांना पुरतील, आणि मला त्यांतले आणखी दोन-चार तरी सोडवून बघायचे होते. ही हाव आहे आणि ती मला सोडायची नाही.

त्याच बुकातली एक नोंद तीन आठवडे लागत नव्हती. बाई, वय एकोणीस. नाव लागलं, नवऱ्याचं नाव लागलं. कारणाच्या रकान्यात कसरीने खाल्लेला शब्द. 'म' दिसतो, शेवटी वेलांटी. मी सगळ्या रोगांची नावं लावून पाहिली. मानमोडी लावून पाहिलं, पण तेवढी जागा नव्हती. मुदतीचा ताप, मलेरिया, काहीच बसेना. शेवटी कंसात प्रश्नचिन्ह टाकलं, खाली टीप लिहिली आणि वर्गाच्या ग्रुपवर पान टाकून झोपले.

पहाटे पाचला खोकल्याने जाग आली. फोनवर कोल्हापूरच्या मुलीचा निरोप होता, रात्री पावणेदोनचा. "ताई, रोग नाहीये हा. मधलं अक्षर 'ह' बघा, त्याचं पोट कसरीने गेलंय. माहेरी असं आहे."

मी दिवा लावला, भिंग घेतलं. माहेरी. ती बाई माहेरी गेली. कशाने ते लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं, कुठे ते लिहिलं होतं, आणि मी तीन आठवडे त्या जागी आजार शोधत होते.

प्रश्नचिन्ह खोडलं. टिपेत त्या मुलीचं नाव घातलं. उजाडायला अवकाश होता, चहा टाकला आणि खालची ओळ घेतली.